लेकराचं तोंड मागं

आमच्या साडूंइतकं संशयी गिऱ्हाईक उभ्या मराठवाड्यात सापडायचं नाही. सगळी हयात उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलेली. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून दाणा बघितल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. पलंग घ्यायला गेले तेव्हा आधी दुकानदाराला त्यावर झोपवलं, आणि तो कूस बदलताना वाकून कान लावला. छत्री घेतली ती दुकानातच उघडून, वरून माझ्याकडून घागरभर पाणी ओतवून. लोक हसतात, मीही हसतो. पण त्यांच्या घरातली छत्री कधी गळत नाही, हेही खरं.

अशा माणसाची एकुलती एक लेक बाळंतपणानंतर नांदेडला सासरी निघायची होती. आजोळाहून पाळणा द्यायची रीत, तो त्यांनी दिलाच. पण त्यांना कुणीतरी सांगितलं, की गाडीनं कचकन ब्रेक मारला की मांडीवरचं लेकरू आईच्या हातात राहत नाही. झालं, साडूंची झोपच उडाली. मला गाडीसकट धरून लातूरला नेलं आणि दुकानात गाडीत बांधायच्या लेकरांच्या खुर्च्या काढायला लावल्या. सोबत नातवाच्या वजनाची तूरडाळीची पिशवी होती. एकेका खुर्चीत तिला बसवायचं, पट्टे आवळायचे, आणि मोकळ्या रस्त्यावर मी करकचून ब्रेक दाबायचा. पहिल्याच खुर्चीतून डाळ निसटून खाली पडली. दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, डाळ हाय ती, लेकरू न्हाई."

"म्हणून तर डाळ आणली," साडू म्हणाले.

शेवटी एका खुर्चीत पिशवी जागची हलली नाही. ती तान्ह्या लेकरासाठीच होती. मागच्या सीटवर, लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बांधायची.

निघायच्या दिवशी नेमकं तिथंच घोडं अडलं. जावयासोबत न्यायला आलेल्या विहीणबाई म्हणाल्या, घरी निघालेलं लेकरू असं पाठमोरं नेत नाहीत, आणि आजीची मांडी असताना खुर्ची कशाला? जावई खाली बघायला लागले. साडू पडले मुलीचे बाप. दुकानदाराला घाम फोडणारा हा माणूस विहिणीपुढं बिनसाखरेचा चहाही गोड म्हणून पितो. गेली खुर्ची माळ्यावर, असं मी मनात म्हटलं. पण साडूंनी हात जोडले.

"तुमच्या मांडीवर माझा भरवसा हाय, विहीणबाई. रस्त्यावर न्हाई. एवढं एक ऐका."

विहीणबाई गाडीत खुर्चीशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, पट्टे मग तुम्हीच लावा. साडूंनी लावले, ओढून पाहिले, सोडून पुन्हा लावले.

गाडी वळणाआड गेली तरी ते फाटकातच उभे होते. मी जवळ गेलो.

"सगळ्यांच्या पाठी दिसल्या बघा," ते म्हणाले. "तेवढं एकटं माझ्याकडं तोंड करून गेलं."

त्या खुर्चीतून लेकराला सीटच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. सगळं पारखून घेणाऱ्या त्यांनाही ते ठाऊक असणारच.

"हाव," मी म्हटलं, "तुमच्याकडंच बघत गेलं."