प्लांटवर उभी असलेली मोरपंखी कुर्त्यातली बाई

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण एकदा लिहून टाकते, कारण यात मी काही फारशी चांगली दिसत नाही.

२०१६ सालची गोष्ट. पनवेल स्टेशनजवळच्या एका छोट्या सोलर कंपनीत मी डिझाइन इंजिनिअर होते. युगांडातल्या एका प्लांटचं काम आम्हाला मिळालं — थेट तिथल्या ग्रिडला वीज देणारा प्लांट. सगळं ड्रॉइंग माझं. कुठली रांग कुठे, कुठली केबल कुठून, सगळं तोंडपाठ. आणि तो सुरू करायला साहेबांनी पाठवलं कुणाला? करंजाड्याच्या नीलेशला. मीच शिकवलेला, तीन वर्षं ज्युनिअर!

"तुझी मुलगी लहान आहे ना," साहेब म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही.

नीलेश रोज फोटो पाठवायचा. लाल माती, पॅनलच्या रांगा, मध्ये हेल्मेट घालून हसणारा तो. ऑफिसात सगळे "वा वा" करायचे. मी फोटो मोठा करून चुका शोधायचे.

प्लांट सुरू होणार त्या दिवशी साडेबाराला मी डबा उघडून बसले होते. तिथे तेव्हा सकाळचे दहा. मनात एकच — याच्या हातून काहीतरी बिघडू दे. मोठं बिघडू दे. अगदी पुटपुटले मी.

अर्ध्या तासात त्याचा फोन.

"मॅडम, तुमी कुठं हाव?" घाबरला की तो घरचं बोलतो.

"ऑफिसात. का रे?"

पॅनलच्या तारा एकत्र येतात ती लोखंडी पेटी उघडायला तो निघाला होता. ओकेलो नावाच्या वॉचमनने त्याचा हात धरला. "जाऊ नकोस, ती बाई नको म्हणतेय." कुठली बाई? "पेटीसमोर हात आडवे करून उभी आहे ती!" नीलेशला कोणीच दिसेना. पण ओकेलो हात सोडेना, म्हणून त्याने आधी पेटीत वीज उतरलीय का ते मीटर लावून पाहिलं... आतली तार सोलवटून पेटीला टेकली होती. हात लागता तर जागीच संपला असता.

"मोरपंखी कुर्ता, चष्मा, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग... ओकेलो सांगतोय. मॅडम, तुमीच वाचवलंत मला."

माझ्या अंगातला तो कुर्ता मी त्या दिवशी पहिल्यांदाच घातला होता. "नीट काम कर," एवढंच म्हणून फोन ठेवला.

तो परतल्यावर त्याची आई सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन ऑफिसात आली. माझे हात धरून म्हणाली, "बाय, तू व्हतीस म्हनून माजा पोर हाय." मी काय मागत होते ते तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

कितीदा विचार केला, अर्थ लागत नाही. ती मी असेन, तर डबा उघडून बसलेली कोण होती?

आणि खरं सांगू... नीलेशचा हेवा त्या दिवशी संपला. आता तिचा वाटतो. ती तरी तिथे जाऊन आली.