स्टुलावरची सुजाता

बोलणाऱ्यांचे किस्से बोलण्यात संपून जातात. गप्प बसणाऱ्यांकडे मात्र ते साठत राहतात. माझ्याकडे आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाचे बरेच साठलेत.

मंडळ दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत भरतं. माने सरांचा एकच नियम: बोलायचं तर लाकडी स्टुलावर उभं राहून! मी कधी चढले नाही. सुजाता मात्र सरांनी विचारायच्या आधीच चढलेली असते. यंदा शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात मंडळातून एकानंच बोलायचं होतं. मला ते हवं होतं. हे फक्त मलाच माहीत होतं.

*

दोन हजार साल. युरोपात जमिनीखालच्या बोगद्यात कणांची टक्कर करून हिग्ज नावाचा कण शोधतात, ही बातमी सरांनी वाचून दाखवली.

संज्या म्हणाला, "सर, कण फोडून कणच मिळणार. त्यात काय हाय?"

"मंगळवार पेठेत दोन स्कूटर धडकल्या आणि त्यातनं म्हैस बाहेर आली, तर बघायला जाशील का न्हाय?"

"पळत जाईन की!"

"मग तेच चाललंय तिथं!"

*

पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "तिथं अनपेक्षित खुणा दिसल्यात. म्हणून काहीजण म्हणतात, हिग्ज एक नसेल, जास्त असतील."

सुजाता स्टुलावरून ओरडली, "म्हणजे एकत्र कुटुंब!"

सर टेबलावर थाप मारून हसले. माझ्या वहीत दोन मिनिटांपूर्वीच लिहिलेलं होतं, 'हिग्जचं एकत्र कुटुंब'. मी वही झाकली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हिनं सुजाताचं ऐकून लिहिलं!

*

एकदा सरांनी टेबलावर पुठ्ठा आडवा धरून त्याखाली ठोकळा लपवला. आम्ही खालून गोट्या सोडायच्या आणि त्या कुठून बाहेर येतात ते बघून आत काय आहे ते ओळखायचं.

गोट्या भलतीकडूनच यायला लागल्या.

"दोन ठोकळे हायत!" सुजाता म्हणाली. टाळ्या!

टेबलाचा एक पाय आखूड होता. "टेबल उतरतंय," मी म्हणाले, पण बहुतेक स्वतःलाच. सरांनी पुठ्ठा उचलला. ठोकळा एकच!

"नवा पावणा मानायच्या आधी टेबलाचा पाय बघावा," सर म्हणाले.

"सर, ही मघाशीच म्हणत होती!" सुजातानं स्टुलावरून सगळ्यांना सांगितलं.

माझं खरं ठरलं, तेही तिच्याच तोंडून!

*

प्रदर्शनाआधी सरांनी जाहीर केलं, "लिहिणार ही, बोलणार सुजाता. अक्षर हिचं, आवाज तिचा."

मी भाषण लिहिलं. कुटुंब मोठं मानलं तर त्यातल्या सगळ्यांत साध्या कल्पनेत हिग्ज पाच असतात: तीन विद्युतभार नसलेले, एक धन, एक ऋण. मला ते पाठ होतं. सुवाच्य अक्षरात मी लिहिलं, चार.

प्रदर्शनात सुजाता माइकसमोर उभी राहिली. मी शेवटच्या रांगेत होते. ते वाक्य जवळ आलं तशी मी खाली बघायला लागले.

"पाच!" ती म्हणाली, आणि बोटांवर मोजून दाखवले.

टाळ्या वाजत असतानाच ती खाली उतरली, थेट माझ्याकडे आली आणि कागद माझ्या हातात दिला. 'चार'वर बारीक रेघ, वर 'पाच'.

"पेन्सिलनं केलोय," ती हळू म्हणाली. "पेननं तू गिरव. कागद सरांकडं द्यायचाय, अक्षर एकच दिसलं पायजे."