पाण्याबरोबर गेलेलं जस्त

हब्सीगुड्याच्या प्रयोगशाळेत आंडाळूअक्काच्या डब्यातली गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी कुणी चाखली, तर तिला झाकण किती घट्ट लागलंय त्यावरून कळायचं. निदान तिचा तसा दावा होता. वीस वर्षं तिनं शाळांसाठी पेशींचे तक्ते हातानं रंगवले. कागदावर काढलेलं कुणाच्या बापाला लपवता येत नसे. आता तीच चित्रं संगणकावर हलती करायची, आणि तिथं चित्रातल्या वस्तूंच्या यादीत प्रत्येक नावापुढे एका छोट्या डोळ्याचं चिन्ह. डोळा मिटला की ती वस्तू असते जागच्या जागी, पण दिसत नाही. ही सोय बाईच्या पचनी कधी पडली नाही. घरी जाताना ती पडद्यावर टॉवेल टाकायची.

शेजारच्या टेबलावर वरंगलचा नरहरी. बोलायला गोड, म्हणून तर अक्काला जास्तच खुपायचा. सोमवारी अक्का प्रथिनाची फिल्म तपासत असताना तो मागून म्हणाला, "अक्का, पाणी लपवलंय तिथं जरा बघा हं, त्या यादीत..."

"माझ्या पडद्यात नाक कशाला खुपसतोस रे? तुझं तू बघ!"

तो आपल्या टेबलाकडे वळला.

बुधवारी प्रयोगशाळेचे प्रमुख मधुसूदन सार यांच्यापुढे फिल्म लागली. ती बघायला पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. दाखवायचं एवढंच, की प्रथिनाच्या खोबणीत जस्ताचा एक अणू असतो आणि औषध त्यालाच धरतं. भोवतीचं पाणी लपलं, खोबण स्वच्छ दिसली, औषध ऐटीत आलं आणि रिकाम्या जागेला चिकटलं.

"हे काय, आंडाळूगारू?" सारांनी विचारलं. "ज्याला धरायचं तेच नाही?"

अक्काचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. मग बोट थेट नरहरीकडे. "सार, माझ्या खुर्चीवर टपलाय हा! सोमवारीच डोकावत होता. पासवर्डही ठाऊक असणार याला."

"देवाशपथ, सार, मी हात नाही लावला!"

त्याची नोकरी याच आठवड्यात कायम व्हायची होती. सार कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अक्का, लेखी द्या. तोवर याचा कागद मी थांबवतो."

अक्का तावातावानं लिहायला बसली. पुरावा हवा म्हणून तिनं फिल्ममधल्या बदलांची तारीखवार नोंद मागं नेत नेत पाहिली. शास्त्रज्ञांकडून आलेल्या यादीत जे प्रथिन नाही ते सगळं 'इतर' या एकाच मथळ्याखाली होतं: हजारो पाण्याचे रेणू, आणि तळाशी एकटं जस्त. पाणी लपवायचं म्हणून अख्ख्या मथळ्याचाच डोळा मिटलेला. कधी? तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी. त्या दिवशी नरहरी मेहुण्याच्या लग्नाला गावी गेला होता. लग्नाहून त्यानं आणलेले घरचे सकिनालु, तांदळाच्या चकल्याच त्या, तिनं वास घेऊन परत केले होते, तेही तिला आठवलं.

लाजेनं तिचे कान तापले. एक टिचकी, जस्त परत दिसलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

ती नरहरीच्या टेबलाशी गेली. "सोमवारी हेच सांगत होतास?"

"हो, अक्का."

"मग ओरडून का नाही सांगितलंस, मेल्या?"

"ओरडलो असतो, तर तुम्ही म्हणाला असतात, यानंच केलंय."

अक्का नक्की तेच म्हणाली असती.

हातातल्या अर्धवट लिहिलेल्या तक्रारीवर तिनं त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर काट मारली. खाली ठळक लिहिलं: 'जस्त मीच लपवलं. नरहरीचा दोष नाही.' सही केली आणि सारांच्या खोलीकडे निघाली.

दाराशी पोचल्यावर सवय जाईना. तिनं वळून पाहिलंच, हा आपल्या पडद्याकडे तर बघत नाही ना.

नरहरी खाली मान घालून डोळे पुसत होता.