मामीच्या तळ्यातली मोजणी

मामीने त्या दिवशी मला उंबरठ्याच्या आत घेतलं नाही, याला कारण एक शब्द होता, आणि तो मीच वापरला होता.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला खाडीच्या पाण्याचा खारटपणा आणि त्यात सापडणारे मासे यांचा संबंध पाहायचा होता. आईचं माहेर न्हावा शेव्याच्या रस्त्यालगतच्या एका गावात, अगदी खाडीच्या काठाला. आम्ही राहतो नवीन पनवेलला. अंतर फारसं नाही, पण आमचं जाणं लग्नाबारशापुरतंच. मामाच्या शेतजमिनीला लागून एक तळं आहे. तळं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडप लावलेलं एक दगडी तोंड. ती झडप उचलली की भरतीचं पाणी तळ्यात शिरतं. माझ्या विषयाला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

मामी ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती. कशाला आलीस, असं तिने विचारलं. उत्तराची वाक्यं मी रिक्षात तयार करत आले होते. सॅलिनिटी म्हटलं तर ती हसेल, खारटपणा म्हटलं तर आमटीविषयी बोलल्यासारखं वाटेल. म्हणून मी दोन्ही टाळून म्हणाले, “मामी, तुमच्या तळ्यावर मोजणी करायची आहे.”

तिचा हात थांबला. त्या गावात मोजणीचा अर्थ एकच होतो. सरकारी माणसं येतात, बांधावर खुणा रोवतात, आणि मग भावाबहिणींचं बोलणं बंद होतं. हे मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मामाने आईकडे वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोड पत्रावर सही मागितली होती आणि आई “बघते” म्हणाली होती. त्या “बघते”च्या पाठोपाठ तिची मुलगी दारात उभी राहून मोजणीचं बोलत होती.

“आयशीनं धाडली ना तुला?” मामी म्हणाली. “सही करायला हात दुखतो तिचा, नि मोजणीला पोरगी धाडते.”

मी घाईघाईने पिशवीतून रिफ्रॅक्टोमीटर काढला. बोटभर जाडीची नळी असते ती. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळी रेघ दिसते. पाणी जितकं खारं तितकी रेघ वर. हे समजावताना मी नळी डोळ्याला लावून बांधाच्या दिशेने धरली. मोजणीवालेही असंच काहीतरी डोळ्याला लावून बांधाकडे बघतात, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मामी उठून आत गेली होती.

परवानगी मामाने दिली. तो हसला. “बघू दे तिला. पाण्यात काय ठेवलंय,” म्हणाला. फक्त बांधापलीकडे जाऊ नको, तिथे चिखल फार आहे, एवढं त्याने बजावलं.

त्यानंतर मी दर शनिवारी जात राहिले. मामी माझ्यामागे येऊन बांधावर बसायची आणि मी खुणा वगैरे रोवत नाही ना, हे बघायची. मी बाटली बुडवली की तिचं सुरू. इंग्लिश बाय आली, आता पाणी चाखणार. शेजारची बाई विचारायची, ही कोण गो? “नणंदेची. पाण्याला नंबर देते.” मी मामीला तुम्ही म्हणते यावरही ती चिडायची. आमच्यात मामीला तू म्हणतात, तुमी म्हणतात तलाठ्याला, असं तिने एकदा सुनावलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी तिथे असायचे, पण तिने एकदाही पाणी विचारलं नाही. मीही माझी बाटली तिच्यासमोरच उघडून प्यायचे, मुद्दाम.

तळं मात्र तिचं होतं. उघाडी मामाची, तळं मामीचं, अशी त्या घरात पहिल्यापासूनची वाटणी. त्यात बोय मासे असायचे, कोळंबी, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, पण नाव होतं ते जिताड्याचं. हा मासा विचित्र आहे. अंडी घालायला त्याला समुद्राकडचं खारं पाणीच लागतं, पण पिल्लं पावसाळ्यात भरतीबरोबर खाडीतून वर चढतात, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळ्यांमध्ये दडतात, आणि जिथे पाणी कमी खारं तिथे वाढतात. मोठा झाला की त्याला परत खाली जावं लागतं. मामीने पिल्लं कधी विकत आणली नव्हती. उघाडीतून येतील ती वाढवायची. व्याही आला की जिताडा, साहेबाकडे काम असलं की जिताडा. गावात तिची पत होती ती या तळ्यामुळे.

आणि त्या वर्षी पिल्लं आलीच नव्हती. जाळं टाकलं की नुसती चिलापी वर यायची, गोड्या पाण्यात माजणारी. उरलेले जुने जिताडे ती काढून संपवत आणत होती. आणखी एक पावसाळा असाच गेला तर हे तळं नाही, खड्डा हाय, असं ती शेजारणीला सांगत होती. मला ऐकू जाईल अशा बेताने तिने कारणही सांगितलं. कुणाची तरी नजर लागली. सही न करणाऱ्या माणसाची.

दिवाळीनंतर खाडीचं पाणी खारं होत जातं, कारण वरून पावसाचं पाणी येणं थांबतं. गावाच्या धक्क्यावर माझी निळी रेघ दर खेपेला थोडी वर सरकत होती. तळ्यात ती पावसाळ्यात होती तिथेच, जवळजवळ तळाशी. आधी मला वाटलं, यंत्र बिघडलं. काच शुद्ध पाण्याने धुतली, पुन्हा पाहिलं. तेच. मग तळ्याच्या कडेची तिवरं बघितली. पानं पिवळी पडली होती. त्यांची चिखलातून वर येणारी श्वासाची मुळं ओहोटीलाही पाण्याखालीच होती. म्हणजे पाणी बाहेर जात नव्हतं आणि आतही येत नव्हतं.

हे मी दोन शनिवार कुणालाच सांगितलं नाही. माझा स्वभाव तसा आहे, आणि खरं सांगायचं तर मामीला काही सांगण्याची मला इच्छाही नव्हती. तिसऱ्या खेपेला ओहोटी पूर्ण लागली होती आणि मामी पाठीमागून चिलापीवरून काहीतरी टोचून बोलत होती. तिच्यापासून दूर जायचं म्हणून मी बांध ओलांडून पलीकडे उतरले. मामा म्हणाला होता तसा चिखल होताच. आणि उघाडीच्या तोंडात मातीने भरलेल्या गोण्या होत्या, नीट, एकावर एक रचलेल्या.

“मामी, पाणी आत येतच नाहीये,” मी खालून म्हणाले. “उघाडी बाहेरून बुजवली आहे.”

“कोनी?”

मला माहीत नाही, असं मी म्हटलं. ती गुडघे धरत, तिवराच्या फांद्यांना लटकत खाली आली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. गोण्या सिमेंटच्या होत्या, तिच्या घराच्या वरच्या खोलीचं बांधकाम झालं तेव्हाच्या. तोंडं हिरव्या सुताने बांधली होती. ते सूत तिच्या फाटलेल्या जाळ्याचं होतं. जाळं मागच्या पडवीत खुंटीला असायचं, मीसुद्धा ते पाहिलं होतं. तिने एका गाठीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“आयशीला बोललीस?”

“नाही.”

मग तिने पदर खोचला आणि वरची गोणी ओढली. मी पुढे झाले तर म्हणाली, “हात लावू नको. तुजं काम नाय हे.” मधली गोणी हलेना, तेव्हा तिने कमरेचा कोयता काढून ती फाडली. माती खाली सांडली. मी नळी हातात घेऊन उभी राहिले आणि चिखल माझ्या कपड्यांवर उडत राहिला. भरती लागली तेव्हा ती दगडाला टेकून धापा टाकत होती. तिच्या पायांमधून गढूळ पाणी आत वळलं.

संध्याकाळी मामा आला तेव्हा मी ओट्याखाली रिक्षाची वाट बघत होते. त्याला कळलं होतं. तो मामीशी नाही, माझ्याशी बोलला, आणि पहिल्यांदाच हसला नाही.

“जागा कंटेनरच्या यार्डाला द्यायची हाय. तिवरं हिरवी असली की सरकार हात लावू देत नाय, कागद होत नाय. ती वाळायला हवीत. कळतं का तुला, शिकलेली ना तू?”

मला कळत होतं. आईच्या सहीची एवढी घाई का होती, तेही आता कळलं.

आतून मामीचा आवाज आला. “तिला काय विचारता. उघाडी मी खोलली.” मग ती दारात आली आणि मला म्हणाली, “तू निघ आता. तुजी मोजणी झाली.”

मी निघाले. मामाने आईला फोन करून काय सांगितलं ते आईने मला कधी सांगितलं नाही. तुला काय गरज होती, एवढंच म्हणाली आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. पुढच्या भाऊबीजेला माहेराहून बोलावणं आलं नाही. सही तिने अजून केलेली नाही. ती “बघते”च म्हणते, पण आता ते म्हणताना तिचा आवाज वेगळा लागतो. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत त्या दिवशी भरतीनंतर घेतलेला तळ्याचा शेवटचा आकडा एकदम का वर गेला, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, टायडल एक्स्चेंज रिस्टोअर झालं, म्हणजे भरतीचं पाणी पुन्हा येऊ-जाऊ लागलं. कुणी पुढे काही विचारलं नाही.

त्या भाऊबीजेच्या आधी, पावसाळा संपत आला तेव्हा पनवेलच्या मासळी बाजारात मामी दिसली. टोपलीत बोय होते आणि बांधलेल्या चिंबोऱ्या. चिलापी नव्हती. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक किल्ली होती. उघाडीच्या झडपेला मामीने साखळी आणि कुलूप लावलं आहे आणि किल्ली मामाला देत नाही, हे आईच्या एका मैत्रिणीकडून आमच्यापर्यंत आलं होतं. तिने मला पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे मान वळवली. मी तशीच निघून जायला हवं होतं.

“मामी, पिल्लं आली का गं तुझ्या तळ्यात?”

तुझ्या, असं मी म्हणाले, हे मला नंतर जाणवलं. तिने चिंबोरीचा सुतळीचा फास ओढून घट्ट केला.

“आली तर तुला कशाला सांगू,” ती म्हणाली. “लगेच मोजायला येशील.”