शनी खाली ठेवायचा कुठं

गेल्या उन्हाळ्यात, जळकोटला थोरल्या बहिणीच्या वास्तुशांतीच्या दिवशी, होम झाल्यावर आणि पंगत बसण्याआधी, मी भेट दिलेलं शनीचं चित्र हॉलच्या भिंतीवरून उतरवण्यात आलं. चित्र मीच तयार केलेलं होतं. ते सरळ लागलं आहे की तिरकं, एवढीच चर्चा तोवर त्याबद्दल झाली होती.

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. सुट्टीच्या दुपारी लॅपटॉपवर अवकाशाची चित्रं करतो. माझ्याकडे दुर्बीण नाही. सॉफ्टवेअर फुकटचं आहे. त्यात एका फोटोवर दुसरा फोटो असे थर ठेवता येतात, त्यांचे रंग बदलता येतात आणि कोणतीही सपाट वस्तू गोल करता येते. ग्रहाला पृष्ठभाग लागतो, तो मी घरातून आणि आजूबाजूनं घेतो. माझा मंगळ म्हणजे शेजाऱ्यांची गेरू लावलेली भिंत आहे. चंद्र हा उडदाचा पापड आहे. आता आमच्या घरी पापड डब्यात भरण्याआधी बायको विचारते, "ह्याचा फोटो झाला का? का ठेवू अजून उन्हात?"

शनीचं चित्र मला त्यातल्या त्यात जमलेलं वाटत होतं. तुळजापूरच्या फ्लेक्सच्या दुकानात ते छापून घेतलं. दुकानदारानं विचारलं, "शुभेच्छुक कोण कोण टाकायचे?" कुणी नाही, असं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, "मग तुमचा फोटो तरी कोपऱ्यात टाकू का? मोकळं मोकळं दिसतंय." ते मोकळं म्हणजे अवकाश आहे, हे मी त्याला सांगितलं. चित्राखाली मात्र एक ओळ मी स्वतःहून टाकली. फोटोखाली ओळ नसेल तर तो पानावर जात नाही, हा आमच्या कामातला नियम आहे. ओळ एका शब्दाची होती: शनी.

बहिणीला आम्ही आक्का म्हणतो. नवं घर तिनं आणि दाजींनी शेताच्या कडेला, हमरस्त्यावरून दिसेल असं बांधलं. तिच्या सासूबाई गावातलं जुनं घर सोडायला तयार नव्हत्या. पुष्कळ बोलाचाली झाल्यावर त्यांनी कबूल केलं की वास्तुशांतीला येईन आणि तिथंच राहीन. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. होमाच्या वेळी त्या मांडवात खुर्चीवर बसल्या. घरात पाऊल जेवणाच्या वेळी टाकायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. आक्का मला सकाळीच म्हणाली होती, "आज त्या आत आल्या म्हंजे झालं. आज माघारी गेल्या तर पुन्हा येणार न्हाईत."

पान वाढायला घेतलं तेव्हा सासूबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. त्याच वेळी दाजींचे चुलतभाऊ हॉलमधून जात होते. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची त्यांची सवय गेलेली नाही. चित्रापुढं ते थांबले आणि थांबा आल्यासारखे म्हणाले, "शनी."

सासूबाईंचा पाय उंबऱ्याच्या अलीकडंच राहिला.

"काय म्हनलास?"

"शनी, काकू. खाली लिवलंय."

"कुणी लिवलंय?"

कंडक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

"पावणं, तुमी लिवलंय व्हय?"

मी हो म्हणालो.

"शनी हाय म्हून लिवलंय का उगं लिवलंय?"

"शनी आहे म्हणून लिहिलंय, मावशी."

त्या मागं वळल्या, बाहेरच्या पायरीवर बसल्या आणि गाठोडं मांडीवर घेतलं. "मंग त्यालाच बसू द्या घरात. म्या जाते माझ्या घरी."

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. झालेला प्रकार तिला कंडक्टरांनी सांगितला. ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुला दुसरा ग्रह मिळाला न्हाय का?"

"कडी उठून दिसतात तो हाच आहे."

"अन् नाव कशाला टाकलंस? नुसतं टांगलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

मी नियम सांगितला.

दाजींनी चित्र उतरवलं. हे वर सांगितलेलं उतरवणं. पुढचा प्रश्न ते ठेवायचं कुठं, हा होता. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "शनिमहाराज वाईट न्हाईत. पण त्येंची जागा देवळात. घरात फोटो लावत न्हाईत. अन् खाली जमिनीवर बी ठेवू नका, देव हाय." दाजी चित्र हातात घेऊन उभे राहिले. पुढच्या दारानं ते बाहेर न्यावं तर दारात सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगावरून शनी नेणं कुणालाच मान्य नव्हतं. मागच्या दारात आचाऱ्याची भट्टी होती. अन्नावरून शनी नेण्याबद्दल आचाऱ्यानं झारा वर करून नाही म्हटलं. शनी आत आहे तोवर सासूबाई आत येणार नव्हत्या आणि सासूबाई दारात आहेत तोवर शनी बाहेर जाऊ शकत नव्हता.

कंडक्टरांनी तोडगा सुचवला. "गुरुजी, गुरू चालतो का घरात?"

"गुरू उत्तम."

"झालं की मंग. आजपासून ह्यो गुरू."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो की गुरूला पट्टे असतात आणि त्याची कडी इतकी ठळक दिसत नाहीत.

"तुला कुणी इचारलं?" आक्का म्हणाली.

"इचारलं की आपन," दाजी चित्रामागून म्हणाले. त्यांचे हात भरून आले होते.

आक्का चित्राजवळ गेली. मग तिनं विचारलं, "खरं सांग. ह्यात शनी किती हाय?"

प्रश्न तपासून पाहण्यासारखा होता. तपासल्यावर उत्तर असं निघालं की चित्रात शनी अजिबात नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग हे त्यास्नी दाव."

होमाचे फोटो उतरवून घेण्यासाठी लॅपटॉप सोबत आणला होता. तो पायरीवर सासूबाईंच्या शेजारी ठेवला आणि चित्राचे थर एकेक करून बंद करायला सुरुवात केली. आधी सावली गेली. मग पिवळसर छटा गेली. मग गोलपणा काढला, तसा ग्रह चपटा होऊन पडला.

सासूबाई पुढं वाकल्या. "ही तर भाकर हाय."

"तुमचीच आहे. येळवशीची."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळी माणसं शेतात जेवायला जातात. सासूबाईंनी शेतात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी केल्या होत्या. एक जळाली. ती कुणी खाल्ली नाही, म्हणून तिचा फोटो काढायला वेळ मिळाला.

"माझी भाकर जळत न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

"ती जळली होती, आत्याबाई," आक्का म्हणाली. "वारं लई होतं."

"वारं होतं तर आडोसा कुणी करायचा होता?"

आक्कानं दाजींकडं पाहिलं. आडोशाला पोतं धरून दाजी उभे होते, असं मला आठवतं. आता दाजी चित्र धरून उभे होते.

पुढचा थर कड्यांचा होता. तो ताणलेला होता, तो सैल केला. सासूबाई म्हणाल्या, "ही परात. माझीच. काठाला पोचा हाय बघा." तारे म्हणजे काळ्या ओट्यावर सांडलेलं पीठ होतं. ते बघून त्या आक्काला म्हणाल्या, "अशी सांडासांड करतीस व्हय?" शेवटी मागचा पिवळा तेजोमेघ राहिला. तो अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेतला भंडारा होता. फोटो मी दैनिकासाठी काढला होता, पण उधळलेल्या भंडाऱ्यात एकही माणूस दिसत नाही म्हणून तो छापला गेला नाही. खंडोबा या घराचं कुलदैवत आहे. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, स्क्रीनला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "पावणं, देवाच्या भंडाऱ्यापुढं जळकी भाकर ठेवलाव व्हय?"

तो डाग मी ग्रहावरचं वादळ म्हणून ठेवला होता. मी तसं सांगितलं.

"वादळ न्हाय. डाग हाय. काढा."

चूक दाखवून दिली की दुरुस्ती करायची, हाही आमच्याकडचा नियम आहे. भाकरीचा चांगला भाग उचलून डागावर बसवला. त्या बघत होत्या. "अजून जरा फुगू द्या," त्या म्हणाल्या. मी गोलपणाचा थर पुन्हा चालू केला.

"आता बरी फुगली."

गुरुजी मागं उभे होते. त्यांना विचारणं मला गरजेचं वाटलं नव्हतं, पण ते म्हणाले, "खंडोबाला निस्ती भाकर कशी? भरीत पाहिजे."

"तेच म्हनते म्या," सासूबाई म्हणाल्या. "भरीत कुठाय?"

आचाऱ्याचं भरीत अजून व्हायचं होतं. आचाऱ्याकडून एक वांगं आणलं, पायरीवर ठेवून त्याचा फोटो काढला आणि परातीच्या बाहेर, वरच्या बाजूला बसवलं. शनीला चंद्र पुष्कळ आहेत, त्यामुळे एक वाढवायला तथ्याच्या दृष्टीनं अडचण नव्हती. मी देठ पुसायला घेतला तर सासूबाईंनी अडवलं. "देठ असू द्या. न्हायतर लोकं म्हनतील हे काय." तो राहिला.

त्या उठल्या. उजवा पाय आधी टाकून घरात आल्या आणि गाठोडं हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं.

दाजींनी विचारलं, "आता ठेवू का खाली?"

"नैवेद्य खाली ठेवत असत्यात का?" सासूबाई म्हणाल्या.

गुरुजींनी पाट दिला. दाजींनी चित्र पाटावर ठेवलं आणि दंड चोळत पंगतीत बसले. जेवणात भरीत होतं. सासूबाईंनी ते चाखून मीठ कमी असल्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी दुरुस्त चित्र छापायला तुळजापूरला नेलं. दुकानदारानं वांग्याकडं बरंच निरखून पाहिलं आणि भाजीचं दुकान कुठं काढलं, असं विचारलं. शुभेच्छुकांचं त्यानं पुन्हा विचारलं.

ओळीचा प्रश्न बाकी होता. मी 'शनी आणि त्याचा एक चंद्र' असं सुचवलं. आक्कानं फोनवर ते पूर्ण ऐकून घेतलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, ओळच नको. बिनओळीचा फोटो देता येणार नाही, असं मी कळवलं. शेवटी त्यांनी एक शब्द दिला आणि उरलेले दोन मी घातले.

चित्र आता त्याच खिळ्यावर आहे. सासूबाई त्याच घरात राहतात. जुन्या घरातून त्यांनी तवा आणि परात नंतर मागवून घेतली. पाहुणे आले की कंडक्टर चित्रापुढं थांबतात आणि खालची ओळ मोठ्यानं वाचतात: "नैवेद्य. संग्रहित छायाचित्र."