पाचचा फोन

प्रूफबाई हे नाव छापखान्यातलं. एकतीस वर्षं त्यांनी तिथे प्रूफं तपासत, डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चूक दिसायची, नवरानवरी नंतर. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी वाचनालयाच्या माडीवरची खोली शनिवारी दुपारपुरती मागून घेतली आणि मुलांचा लेखनवर्ग सुरू केला. अकरा मुलं, त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा सहा. कोणाचे आईवडील कुठून आलेले, कोणाचे कुठून. भांडायला मात्र सगळ्यांना एकच भाषा पुरायची.

डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आपल्या उच्चारांना कोणी हसेल म्हणून मुलं वाचायला बुजत. मग वह्या बाई घरी नेत आणि पुढच्या शनिवारी स्वतः वाचून दाखवत, एकही शब्द न बदलता, एकही वही न गाळता. लाल पेनाला तर खोलीत बंदीच होती.

त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी दूरदेशी असलेल्या लेकीचं चार पानी पत्र आलं होतं, मन मोकळं केलेलं, थोडं रागाचंही. बाईंनी ते तीनदा वाचलं, रडल्या. पण हाताला लागलेली सवय वाईट. वाचता वाचता चुकांवर लाल खुणा होऊन बसल्या. पुढे लेक सुटीला आली आणि खणातलं ते पत्र नेमकं तिच्याच हाती लागलं. "आई, मी काय लिहिलंय ते तुला दिसलंच नाही का?" एवढंच तिनं विचारलं, आणि ठरल्यापेक्षा चार दिवस आधी निघून गेली. मग तिचे फोन कमी होत गेले, मग थांबले. आता आपण कुठल्या तोंडानं फोन करायचा, म्हणून बाईंनीही केला नाही.

पण शनिवारी पाचच्या ठोक्याला त्या व्हरांड्यात जात, फोन कानाला लावत, "हो गं, जेवले, तू कशी आहेस?" असं बोलत आणि हसऱ्या चेहऱ्यानं परत येत. लेकीचा फोन होता, असं मुलांना सांगत. ग्रंथपाल तर म्हणायचे, नशीबवान आहात.

एका शनिवारी विषय दिला होता, नेहमी दिसणारं एक माणूस, नाव न घेता. इतरांनी ते ओळखायचं, नाही ओळखलं तर लिहिणाऱ्यानं सांगायचं. घरी चहा घेता घेता बाईंनी टकमकची वही उघडली. व्हरांड्याकडच्या खिडकीशी बसून सगळ्यांकडे टकमक बघणारी ही दहा वर्षांची मुलगी, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. तिची भाषा बोलणारं वर्गात दुसरं कोणी नव्हतं. तिनं लिहिलं होतं, 'ती फोनवर बोलते. फोन वाजत नाही. फोनमधे उजेड पण नसतो. ती बोलते मग थांबते, जसं कोणी उत्तर देतंय. मग हसते. हसून झालं की भिंतीकडे बघते.'

बाईंचा चहा निवून गेला. पानावर चुका असतील भरपूर, त्यांना एकही दिसली नाही. वही घरी राहिली असं सांगता आलं असतं. आठवडाभर त्या तेच सांगायचं ठरवत होत्या, आणि शनिवारी वही घेऊनच माडी चढल्या.

दहा वह्या झाल्या. मग अकरावी, तीही एकही शब्द न बदलता. वाचून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, ही माझी आजी, आजोबा गेल्यापासून अशीच करते. दुसरी म्हणाली, माझी आई, गावाकडे फोन लागत नाही तरी बोलत बसते. तिसऱ्याला आपली मावशी आठवली. ज्याला त्याला आपल्याच घरातलं कोणी दिसलं. बाईंकडे कोणीच बोट दाखवलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडला नाही. त्यांना फार एकटं वाटलं.

आता टकमकला सांगणं भाग होतं. ती उभी राहिली, बाईंकडे बघून तिनं मान खाली घातली.

"ती मी आहे," ती म्हणाली. "आईचा बंद फोन घेऊन मी शाळेच्या फाटकात बोलते. एकटं उभं राहिलं की सगळे बघतात."

ती खरं बोलत होती. आणि आपल्याला वाचवतही होती, हे बाईंना कळलं. व्हरांड्यातली भिंत सोडली तर आपलं हे गुपित या पोरीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बस बाळ," त्या म्हणाल्या. "तू लिहिलंस ती मी आहे."

पाच वाजले होते. बाईंनी पिशवीतून फोन काढला, चालू केला आणि सगळ्यांदेखत लेकीचा नंबर स्पीकरवर लावला. रिंग जात राहिली. शेवटच्या बाकापर्यंत ती ऐकू येत होती. मग थांबली.

"उचलला नाही," टकमक हळूच म्हणाली.

"नाही उचलला," बाई म्हणाल्या. पाचच्या फोनबद्दल त्या खरं बोलल्या ते पहिल्यांदाच. मग फोन पिशवीत न ठेवता त्यांनी टेबलावर ठेवला, आणि मुलांना वह्या उघडायला सांगितल्या.