अण्णांचं पामचं झाड

पिंपाचं झाकण उघडलं की अण्णा आधी डोळे मिटायचे. मग लाकडी पट्टीच्या टोकावर ते नारिंगी, लोण्यासारखं गोठलेलं पामतेल घ्यायचे, हाताच्या पाठीवर चोळायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "हे फळ दोन दिवस ढिगात पडून होतं." किंवा, "हे तोडलं त्याच दिवशी शिजवलंय. नीट माणसं आहेत." मी त्याच तेलाची आम्लता प्रयोगशाळेत काढायचो; फळ जितकं शिळं, तितकी ती जास्त. तासाभराने माझा आकडा हाती यायचा आणि तो बहुतेक वेळा अण्णांच्याच बाजूचा असायचा.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. तेव्हापासून हे लिहायचं म्हणतो आहे आणि रोज दोन ओळींच्या पुढे सरकत नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याबद्दल बोलायचं तर आधी आपलंच काही कबूल करावं लागतं.

साठ सालच्या आसपास मी बेळगावहून बी.एस्सी. होऊन बेंगळूरला आलो आणि राजाजीनगरातल्या एका साबणाच्या कारखान्यात लागलो. अण्णा तिथे तेलाचं गोदाम सांभाळत. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, की मूळ गाव कोणतं हे त्यांनाही सांगता येत नसे. त्यांच्या मराठीत कानडीतले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे शब्द घरच्यासारखे येऊन बसलेले. "तू पुस्तक वाचल्यासारखं बोलतोस, तम्मा," असं ते मला म्हणायचे. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात, तसं मी त्यांचा तम्मा.

दुसऱ्या महायुद्धाआधी अण्णा मलायात, पामच्या एका मळ्यावर तेलाच्या गिरणीत कारकून होते. जेवणाच्या सुटीत तिथल्या गोष्टी निघायच्या. पामचं फळ तोडल्या क्षणापासून बिघडू लागतं, म्हणून मळ्यातून छोटे रूळ टाकलेले, आणि दिवस मावळायच्या आत सगळे घड गिरणीत. आफ्रिकेत म्हणे पुरुष दोराचा फास कमरेला लावून रानातल्या उंच झाडांवर चढतात, घड खाली टाकतात, आणि बायका फळं उकडून, कांडून तेल काढतात. तसलं तेल आमच्याकडे आलं की माझ्या आकड्यात आम्लता जास्त दिसे. मी एकदा त्याला खराब म्हणालो. अण्णा म्हणाले, "खराब नाही रे. ते त्यांनी आपल्या आमटीसाठी केलेलं तेल आहे. साबण आपण करतो त्याचा."

गोदामाच्या मागे त्यांचं स्वतःचं एक पामचं झाड होतं. मलायातल्या जुन्या सोबत्याने टपालाने बिया पाठवल्या होत्या. ही बी रुजायला दोन-तीन महिने सतत ऊब लागते. बेंगळूरच्या थंड हवेत ती कुठून आणायची? अण्णांनी बिया ओल्या कोळशाच्या भुकटीत घालून बॉयलरच्या भिंतीशी टांगल्या. एकच रुजली. मी आलो तेव्हा ते झाड सात वर्षांचं होतं आणि त्याला एकदाही फळ धरलेलं नव्हतं.

त्याचं कारण असं, की या झाडाला काही महिने नुसते नरफुलांचे तुरे येतात आणि काही महिने नुसते मादीफुलांचे घोस. मळ्यात हजारो झाडं असतात, एकाचा पराग दुसऱ्याला मिळतो. एकट्या झाडाला कोण देणार?

हमाल अण्णांना चिडवायचे, "अण्णा, तुमचं झाड ब्रह्मचारी आहे. लग्न लावा त्याचं." अण्णा म्हणायचे, "सरी, मुहूर्त बघतो."

मग एक दिवस मॅनेजरांनी त्यांना बोलावून घेतलं. नव्या शेडला तीच जागा हवी होती. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, फळ धरलं तर झाड ठेवू, आलेल्या पाहुण्यांना दाखवू. नाही तर जूनमध्ये अण्णा निवृत्त झाले की काम सुरू.

त्या नोव्हेंबरात झाडाचा शेवटचा नरतुरा फुलला. अण्णांनी त्याला कागदी पिशवी बांधून पिवळा पराग झाडून घेतला. सगळ्या गोदामात बडीशेपेसारखा वास भरला होता. त्यांनी तो पराग मंद उबेत सुकवला, काचेच्या नळीत भरला आणि नळी माझ्याकडे आणली, कारण डेसिकेटर माझ्याकडे होतं. जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं, तळाशी ओल शोषणारा क्षार. त्यात पराग महिनाभर तरी जिवंत राहतो. तेवढ्यात मादीफुलं उमलली, की काम झालं. "सांभाळ, तम्मा," एवढंच म्हणाले.

दर शनिवारी मी डेसिकेटर रिकामं करून तळाचा क्षार आणि नमुन्यांच्या बश्या ओव्हनमध्ये एकशे पाच अंशांवर सुकवत असे. हाताला सवय झाली होती, डोकं त्यात नसे. त्या शनिवारी बश्यांबरोबर ती नळीही आत गेली. तीन तासांनी मी दार उघडलं. पिवळी पूड काळवंडली होती. बूच काढून हुंगून पाहिलं. कसलाही वास नव्हता.

मी नळी परत जागेवर ठेवली. अण्णा येता-जाता विचारत, नीट आहे ना? मी मान हलवत असे. सोमवारी सांगू, असं ठरवलं. मग पुढच्या सोमवारी. असे तीन आठवडे गेले.

आणि मादीफुलांचा घोस उघडला. थोडा पराग सगळीकडे पसरावा म्हणून अण्णांनी कारखान्यातलीच शंखजिऱ्याची पूड आणून त्यात मिसळली आणि रबरी फुग्याच्या फवाऱ्यात भरली. जेवणाच्या सुटीत चाळीसेक माणसं जमली. हमालांनी कुठून तरी बाशिंग आणून खोडाला बांधलं. अण्णा स्टुलावर चढले. स्टूल मी धरलं होतं. काट्यांमधून हात घालून ते इतके सावकाश फवारत होते, की मागून कुणीतरी म्हणालं, अण्णा, भोंगा होईल आता. मधेच थांबून ते खाली माझ्याकडे बघत आणि पुन्हा सुरू करत. शेवटी टाळ्या पडल्या. मॅनेजरही वाजवत होते. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा होतो.

फेब्रुवारीपर्यंत घोस वाळून काळा पडला. अण्णांनी तो कापला आणि बॉयलरच्या आगीत टाकला. जूनमध्ये त्यांना हार-नारळ देऊन निरोप दिला. पुढच्या सोमवारी झाड तोडायला माणसं आली. त्या दिवशी मला बोलवा, असं अण्णांनी सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे तेही आले.

अर्ध्या तासात झाड आडवं झालं. अण्णा धोतर सावरून शेंड्यापाशी उकिडवे बसले आणि चाकूने पानांच्या बेचक्यांतून कळ्या काढू लागले. पुढच्या दीड-दोन वर्षांची फुलं आत आधीच तयार बसलेली असतात, ते म्हणाले, उघडून बघितलं की नर-मादी कळते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. शनिवार, ओव्हन, नळी, सगळं.

त्यांचा हात थांबला नाही. "बूच काढलं तेव्हाच कळलं, तम्मा. चांगल्या परागाचा वास असा जात नाही."

"मग तुम्ही स्टुलावर चढून..."

"वाटलं, तू सांगशील. म्हणून स्वल्प सावकाश केलं."

पुढची कळी काढता काढता त्यांनी सांगितलं, की फवारलं त्याच संध्याकाळी ते सायकलवरून लालबागेत गेले होते. तिथे याच जातीच्या पामचं एक जुनं झाड आहे. माळी म्हणाला, नरतुरा होता, तीन आठवड्यांपूर्वी. झडून गेला. म्हणजे त्या शनिवारी मी तोंड उघडलं असतं तर सायकलच्या अंतरावर ताजा पराग होता. हे अण्णांनी म्हटलं नाही. ते कळ्या काढत राहिले.

कळ्या ते मातीवर ओळीने मांडत होते, ज्या क्रमाने उमलल्या असत्या त्या क्रमाने. "मादी. मादी. ही पण मादी." मग एका कळीवर ते अडले. ती दोनदा उलगडून पाहिली, तिच्या आधीची पुन्हा हातात घेतली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथे दुःख असेल असं मला वाटलं होतं. पण ते एखादं गणित सुटल्यासारखे हसत होते.

"हे बघ. ही शेवटची मादी आणि हा पहिला नर. मधे दोन दिवसांचं अंतर, फार तर तीन. पुढच्या वर्षी दोघं बरोबर उमलणार होते. झाड नुसतं हलवलं असतं तरी पुरलं असतं."

दोन्ही कळ्या त्यांनी ओळीत आपापल्या जागी ठेवल्या, चाकू धोतराला पुसला, "येतो, तम्मा," म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले. त्यानंतर ते कारखान्यात कधीच आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेडचा पाया आखायला माणसं आली, तेव्हा ती ओळ तशीच होती. कळ्या चिरलेल्या वांग्यासारख्या काळ्या पडल्या होत्या. हातात दोरी घेतलेल्या माणसाने विचारलं, इथे हे काय मांडून ठेवलंय? मी खाली बसलो आणि क्रम मोडू न देता त्या एकेक करून उचलू लागलो.